कवळीवाल्याच्या डब्यात जामास्प

बुधवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला कवळीवाल्यानं आपलं एक जुनं चांदीचं नाणं काट्यावर ठेवलं. काट्यानं चार पूर्णांक शून्य सहा ग्रॅम दाखवलं. त्यानं नाणं उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. चार पूर्णांक शून्य सहा. त्याचं नाणं तीन पूर्णांक एक्याण्णवचं होतं आणि अकरा वर्षं तेवढंच भरत आलं होतं. चांदी काही पाणी पिऊन फुगत नाही. म्हणजे हे नाणं त्याचं नव्हतं. मग कोणाचं, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. ते संग्रहालयाचं होतं. आदल्या दिवशी तो ते खिशात घालून, दारवानाला हात करून, चक्क चालत घरी आला होता.

तो मटकन खाली बसला. स्टूल जवळ होतं म्हणून बरं.

हा माणूस कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात, हा त्यांवर मेण चढवतो, दात रोवतो, कवळी घडवून परत धाडतो. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पुढची खोली कामाची, मागच्या दोन राहायच्या. कामाच्या खोलीत जिकडंतिकडं प्लॅस्टरची पांढरी भुकटी. फोनवर, खिडकीच्या गजांवर, याच्या भुवयांवर. खणांत दात भरलेले. वरचे, खालचे, सुळे, दाढा, आणि पांढऱ्या रंगाच्या चौदा तऱ्हा. नवखा माणूस चुकून खण उघडतो आणि दोन पावलं मागं सरतो.

स्वभावानं जन्माचा भित्रा. "लहानपणी सावलीला घाबरायचे, आता सावली दिसली नाही म्हणून घाबरतात," असं त्याची बायको चारचौघांत सांगते आणि हा मान हलवून दुजोरा देतो. पोस्टमननं सही मागितली तर आधी चष्मा पुसणार, मग पेन पुसणार, मग कपाळ. रस्त्यात पोलीस दिसला की पायी चालत असतानाही याचा हात लायसन्सच्या खिशाकडं जातो. आणि अशा माणसाला छंद लागला तो राजांचा. तेही असे राजे, की ज्यांच्या घरात बाप पोराला भ्यायचा आणि भाऊ भावाला.

तेही एका म्हातारीमुळं. तिच्या हिरड्या इतक्या झिजल्या होत्या की यानं तिची कवळी तीनदा नव्यानं केली. तिसरी बसली. म्हातारी खुशीत येऊन गळ्यातलं एक काळं पडलेलं नाणं काढून याच्या हातात ठेवून गेली. म्हणाली, "चांदी आहे. वितळव आणि कोणाच्या तरी दाढेत घाल." यानं भट्टी पेटवली होती. पण सवयीनं आधी भिंग लावून बघितलं, आणि भट्टी विझवली. नाण्यावर एक दाढीवाला राजा होता आणि त्याच्या डोक्यावर मुकुट असा होता की कवळीवाल्याला पहिल्यांदा ते कसलं तरी यंत्रच वाटलं.

पुढं वाचनालयातून जाडी पुस्तकं आली. राजा सासानी घराण्यातला निघाला. इस्लाम येण्याआधी इराणवर चारशेवर वर्षं राज्य केलेलं घराणं. त्यांची चांदीची नाणी पातळ आणि पसरट. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला अग्नीची वेदी आणि तिच्या दोन अंगांना दोन माणसं उभी. राजांची तोंडं सगळी एकासारखी एक. तेच मोठे डोळे, तीच दाढी, मानेमागं तोच केसांचा गोळा. ओळखायचा तो मुकुटावरून. गादीवर आला की प्रत्येक राजा स्वतःचा वेगळा मुकुट घडवून घ्यायचा. एकाला पंख, एकाला चंद्रकोर, एकाला किल्ल्याच्या भिंतीसारखे कंगोरे. कवळीवाल्याला हे पार पटलं. त्यालाही गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत नाहीत. टाळू आठवते. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर हा गोंधळतो, आणि तो माणूस हसला की लगेच म्हणतो, "हां हां, वरची डावी दाढ."

पंचवीस वर्षांत त्यानं एक्केचाळीस नाणी जमवली. त्यांतलं लाडकं एकच. जामास्पचं.

जामास्पची गोष्ट तो जेवताना इतक्यांदा सांगायचा की बायकोला ती पाठ झाली होती. कवाद नावाचा राजा होता. सरदार आणि पुजारी त्याच्यावर उलटले, त्याला गादीवरून ओढून किल्ल्यात कोंडलं आणि त्याच्या भावाला, जामास्पला, आणून बसवलं. जामास्प बसला. न बसून सांगतो कोणाला? तिकडं कवादची बहीण किल्ल्यात गेली. तिनं भावाला अंथरुणात गुंडाळलं आणि गड्याच्या खांद्यावर देऊन दारापर्यंत आणलं. पहारेकरी म्हणाला, काय आहे यात. ती म्हणाली, माझं पाळीतलं अंथरूण आहे, बघायचं तर बघ. पहारेकरी तोंड फिरवून लांब झाला. कवाद सुटला, शेजारच्या हूणांची फौज घेऊन परत आला. जामास्प तीनेक वर्षं बसलेल्या गादीवरून न लढता खाली उतरला. पुढं त्याचं काय झालं? कोणी लिहिलंय की भावानं माफ केलं. कोणी लिहिलंय की तसलं काही केलं नाही.

त्याच्या नाण्यावर राजाच्या तोंडासमोर एक छोटी आकृती दिसते. ती त्याच्यापुढं राजपदाचं कडं धरते. कवळीवाला भिंग बायकोच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बघ त्याचं तोंड. मला कशाला देताय, असं म्हणतोय की नाही?"

"तुमच्यासारखाच दिसतो," बायको म्हणायची. "दाढी ठेवा फक्त."

आता मंगळवारचं. संग्रहालयात नाण्यांची एक खोली आहे. लोखंडी कपाटं, हिरव्या कापडाचं टेबल, दोन दिवे. ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळे नाणेबाई म्हणतात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि बोलणं असं की शब्द तोलून देतात. कवळीवाला दर मंगळवारी तिथं जायचा. बाईंना तो नाण्यांचे प्लॅस्टरचे ठसे काढून द्यायचा, फुकट, आणि असे सुबक की बाई ते प्रदर्शनात मांडायच्या. बदल्यात बाई त्याला खण उघडून दाखवायच्या. एवढीच त्यांची ओळख. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांना घरचं काही विचारलेलं नव्हतं.

बाहेरचं नाणं त्या खोलीत आणायला बंदी होती. ठसा चालेल, नाणं नाही. पण कवळीवाल्याला बरेच दिवस संशय होता की त्याचा जामास्प आणि संग्रहालयाचा जामास्प एकाच शिक्क्यानं ठोकलेले आहेत. तेच साल, तीच टांकसाळ, आणि मुकुटापासून कडेपर्यंत गेलेली तीच एक केसाएवढी रेघ. शिक्क्याला तडा गेला होता आणि तो दोन्हींवर उमटला होता. ठशांवरून बाईंची खात्री पटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "एकदा घेऊन या. खिशातून. मी दारापाशी येते, तुम्ही माझ्याबरोबर आत चला."

नऊ वर्षांत बाईंनी मोडलेला हा पहिला नियम.

कवळीवाल्याचीही कामाची एक शिस्त आहे. टेबलावर डावीकडं आपलं, उजवीकडं गिऱ्हाइकाचं. तीस वर्षांत त्याच्याकडून एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली नाही ती याच शिस्तीमुळं. मंगळवारीही त्यानं हिरव्या कापडाच्या पाटीवर आपलं नाणं डावीकडं ठेवलं आणि संग्रहालयाचं उजवीकडं. मग त्याच्या बाजूचा दिवा विझला. बाई म्हणाल्या, "थांबा, उजेडात घ्या," आणि त्यांनी पाटी उचलून दुसऱ्या दिव्याखाली ठेवली. ठेवताना ती फिरली. दोघंही भिंगात इतके गढले होते की कोणाच्या लक्षात आलं नाही. रेघ दोन्हींवर होती, एकाच जागी, एकाच वळणाची. बाई नऊ वर्षांत पहिल्यांदा हसल्या. कवळीवाल्याचे डोळे भरून आले आणि भिंग धुरकट झालं. दीड हजार वर्षांपूर्वी एकाच माणसानं, कदाचित एकाच सकाळी ठोकलेली दोन नाणी त्या पाटीवर शेजारीशेजारी पडली होती. तेवढ्यात बंद करायची घंटा झाली. त्यानं डावीकडचं उचललं आणि पाकिटात घातलं.

बुधवारी काट्यावर ते चार पूर्णांक शून्य सहा भरलं.

त्यानं आपल्या नाण्याचा जुना ठसा शोधून काढला. त्याच्या नाण्यावर वेदीच्या डाव्या माणसाच्या पायाशी एक टोचा होता, कधीकाळी कोणीतरी चांदी तपासायला मारलेला. ठशात तो स्पष्ट दिसत होता. हातातल्या नाण्याला टोचा नव्हता. त्यानं दार आतून लावून घेतलं, खिडकीही लावली, आणि खोलीत भट्टीची ऊब कोंडून त्याला घाम फुटला.

बायको चहा घेऊन आली तर दार बंद. "आत कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही."

"मग कडी कोणासाठी?"

त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं चहा खाली ठेवला. "एवढंच ना? फोन करा आणि सांगा. बाई, अदलाबदल झाली, आणून देतो."

त्यानं फोन लावला. पलीकडून एक जाड आवाज आला, "संग्रहालय. काय काम आहे?" यानं फोन ठेवला.

"काय झालं?"

"काय काम आहे म्हणून विचारलं."

"मग सांगायचं."

"काय सांगू? तुमचं नाणं माझ्या घरी आहे? बाईंच्या खोलीत टेलिफोन नाही. फोन थेट संग्रहालयाच्या साहेबांकडे जाईल. साहेब विचारतील, तुमचं नाणं आमच्या खोलीत कसं आलं. बाईंनी आणू दिलं. बाईंची नोकरी जाईल. आणि मी अदलाबदलीसाठीच आलो होतो असं म्हणतील. कोणीही म्हणेल. मीपण म्हणेन."

"तुम्ही म्हणू नका," बायको म्हणाली. "बाकीच्यांचं नंतर बघू."

पण त्याची खरी पाचावर धारण बसली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. गुरुवारपासून संग्रहालयात वार्षिक वजन होतं. वर्षातून एकदा प्रत्येक नाणं खणातून काढतात, तोलतात आणि कार्डावरच्या वजनाशी जुळवतात. जामास्पच्या कार्डावर चार पूर्णांक शून्य सहा लिहिलेलं. खणात पडलं होतं याचं तीन पूर्णांक एक्याण्णव. फार तर परवा उघडं पडणार. आणि बाईंशिवाय त्या खोलीत येणारा माणूस जगात एकच.

आज तिथं जायला काही निमित्त नव्हतं; उद्या मात्र त्याला प्रदर्शनाचे ठसे पोचवायला जायचं होतं. जाता येईल, बाईंना गाठता येईल, गुपचूप नाणं परत देता येईल. पण वजनाच्या आठवड्यात दारावर झडती असते. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. पिशवी उलटी करतात, खिसे बाहेर काढतात. दारवानाच्या हातात ते नाणं पडलं की संपलं.

त्या दिवशी त्यानं एकही दात रोवला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायचा, पाऊल वर गेलं की बसायचा. दुपारी एका डॉक्टरचा माणूस साचे घेऊन आला तर हा दार उघडायच्या आधी विचारतो, "एकटेच आहात ना?" माणूस म्हणाला, "साचे आहेत बरोबर. सहा जण."

संध्याकाळच्या आत बायकोनंच तोड काढली. भांडी घासता घासता म्हणाली, "तुमच्या त्या राजाच्या बहिणीनं काय केलं? घाण म्हटल्यावर पहारेकरी सरला की नाही लांब? तुमच्याकडे तर दातांचा डबा आहे."

कवळीवाला तिच्याकडं बघतच राहिला. पंचवीस वर्षं ही बाई ऐकत नाही असं त्याला वाटत होतं.

त्यानं एक जुना जबड्याचा साचा घेतला. वरचा जबडा, टाळूची खोलगट जागा, भोवती दात. टाळूत नाणं ठेवलं, वर गुलाबी मेणाचा पत्रा गरम करून घातला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. तीस वर्षं बसवतो तसा. मेण नीट बसलं नाही तर कवळी हलते, म्हणून त्याचा अंगठा कडेकडेनं, मग मधोमध, जोर देऊन फिरतो. फिरला. बघणाऱ्याला दिसलं असतं एवढंच, की कोणाच्या तरी तोंडाचं अर्धवट काम आहे.

साचा डब्यात, डबा पिशवीत, वर कापसात गुंडाळलेले प्लॅस्टरचे ठसे. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आत्तापर्यंत तो चुकलेला माणूस होता. आता तो लपवणारा माणूस झाला. हे सापडलं तर जगातला कोणता साहेब म्हणेल की चुकून झालं? त्यानं डबा दोनदा बाहेर काढला. बायकोनं दोनदा परत आत ठेवला.

गुरुवारी अकराला तो दारावर पोचला. दारवान त्याला नऊ वर्षं ओळखत होता. "या काका. आज पिशवी दाखवावी लागेल, रागावू नका."

"रागवायचं काय त्यात," असं कवळीवाल्याला म्हणायचं होतं. तोंडातून नुसती हवा आली.

दारवानानं ठसे बघितले, कापूस दाबून बघितला. मग डबा उघडला. आतून कोणाचा तरी जबडा त्याच्याकडं बघून हसत होता. "अरे देवा. कोणाचे हे?"

"गेले ते," कवळीवाला म्हणाला. हे खरंही होतं. त्या साच्याचं गिऱ्हाईक सहा वर्षांपूर्वी वारलं होतं.

दारवानानं डबा फटकन मिटला आणि हात पँटला पुसला. "जा, जा आत. जेवायच्या आधी दाखवता होय असलं."

तो आत गेला आणि थेट संडासात शिरला. कडी लावली. खिशातली कोरणी काढून त्यानं मेणाची कड उचलली, पत्रा वर केला.

जामास्प दोन तुकड्यांत पडला होता.

तडा मानेतून गेला होता. वर मुकुट आणि तोंड, खाली खांदे. जुनी चांदी वाकत नाही. शेकडो वर्षं मातीत पडून ती आतून भुसभुशीत होते, वाळलेल्या पानासारखी, आणि जरा दाब पडला की मोडते. हे कवळीवाल्याइतकं कोणाला ठाऊक होतं? हाच दुसऱ्यांना बजावायचा की नाणं कडेनं धरा, दाबू नका. आणि त्याच्याच अंगठ्यानं, तीस वर्षांच्या सवयीनं, मधोमध जोर दिला होता. तेव्हा त्याचं लक्ष अंगठ्याकडं नव्हतं, जिन्यावरच्या पावलांकडं होतं.

तो किती वेळ तिथं उभा होता त्यालाही सांगता येत नाही. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, "आत कोणी आहे का?" आणि हा घाबरून म्हणाला, "नाही."

निघून जावं असं त्याला वाटलं. पण बाहेरच्या दारावर पुन्हा झडती होती. आता तुकडे घेऊन बाहेर जाता येत नव्हतं, आणि इथं कुठं टाकायला हात धजत नव्हता. त्यानं ते रुमालात ठेवले, रुमाल मुठीत धरला, आणि नाण्यांच्या खोलीकडं चालू लागला. पाय जात होते म्हणून तो जात होता.

खोलीत नाणेबाई एकट्याच होत्या. समोर काटा, काट्यावर नाणं, शेजारी कार्ड. त्यांनी वर बघितलं तर चेहरा पिठासारखा झालेला. कवळीवाल्यानं भीती आरशात पुष्कळ बघितली होती. दुसऱ्याच्या तोंडावर इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होता.

"दार लावा," बाई म्हणाल्या. "चौथ्यांदा तोलतेय. तीन एक्याण्णव. कार्डावर चार शून्य सहा आहे. काटा तपासला, बरोबर आहे. हे कसं झालं मला कळत नाही."

कवळीवाल्यानं रुमालाची मूठ पाठीमागं नेली.

"मंगळवारी आपण दोन्ही बघितली. उठताना तुम्ही तुमचं नेलं, हे मी ठेवलं. खण मीच लावला. किल्ली माझ्याकडेच असते." त्या बोलत होत्या आणि कार्डाची कड बोटानं सारखी करत होत्या, जी सरळच होती. "दुपारी साहेबांना सांगावंच लागेल. ते पहिलं विचारतील, खोलीत कोण येतं."

"मी येतो," कवळीवाला म्हणाला.

"तुमचं नाव मी घेणार नाही."

"का?"

"तुमचं नाणं मी आणू दिलं. ते सांगितलं तर तुम्ही अडकाल. तुमच्यासारखा माणूस एक दिवस टिकणार नाही चौकशीत." त्यांनी कार्ड पालथं घातलं. "माझं काय व्हायचं ते होईल. तुम्ही ठसे ठेवा आणि जा. काही दिवस येऊ नका."

बघा आता. माणूस दोन दिवस ज्याच्यासाठी तडफडत होता ते आयतं समोर आलं होतं. त्याचं नाव घेतलं जाणार नव्हतं. बाहेरच्या झडतीआधी दोन तुकडे इथंच कुठं कोपऱ्यात, कपाटामागं सारता आले असते. पुन्हा या दारात यायचं नाही, एवढंच. त्याच्या आतला सगळा भित्रेपणा एकदम म्हणाला, जा. आणि तो वळलाही. दाराच्या कडीपर्यंत हात गेला.

पुढं काय झालं ते तो आजही नीट सांगू शकत नाही. म्हणतो, कडी गार लागली. म्हणतो, पाठीमागं बाईंनी नाणं पाचव्यांदा उचलून काट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

तो परत आला आणि रुमाल हिरव्या कापडावर उघडला.

बाईंनी आधी तुकडे बघितले, मग त्याला. मग चष्मा लावला, चिमट्यानं तुकडे जवळ आणले. रेघ मुकुटापासून कडेपर्यंत गेलेली; उलटून बघितलं तर वेदीपाशी टोचा नाही. "हे आमचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मोडलं कसं?"

"मेणाखाली लपवलं. दाबलं."

"तुम्ही? दाबलंत?"

"हो."

"लपवलं कशाला?"

"भीती वाटली."

"मला सांगायची?"

"सगळ्याचीच."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी आत्ता तुमच्यासाठी खोटं बोलणार होते." एवढंच, आणि तेही कार्डाकडं बघून. कवळीवाल्याला ते पोलिसापेक्षा वाईट लागलं.

मग त्यांनी दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले. चार पूर्णांक शून्य पाच. एक शतांश कमी. "मेण कुठे आहे?" त्यानं डबा पुढं केला. बाईंनी त्या हसऱ्या जबड्याकडं बघून डोळे मिटले, आणि मग दोघं भिंग घेऊन मेणाचा पत्रा तपासायला बसले, मंगळवारी बसले होते तसेच, फक्त बोलत नव्हते. कवळीवाल्याच्या कोरणीला ती कणी सापडली. मोहरीपेक्षा लहान. काट्यावर टाकली आणि आकडा कार्डाशी जुळला.

"आता बसा आणि लिहा," बाई म्हणाल्या. "मंगळवारी मी तुम्हाला दारापासून आणलं, तिथून. माझं काही वगळू नका. तुमचंही."

त्यानं लिहिलं. दीड पान. खालची सही कोणाचीही वाटली असती. बाईंनी खाली आपली सही केली आणि दोघं जिना चढून साहेबांकडं गेले. साहेबांनी कागद दोनदा वाचला, तुकडे बघितले, आणि विचारलं, "जबडा कुठाय?" तोही टेबलावर ठेवावा लागला. साहेब पोलिसांना बोलवतात की काय म्हणून कवळीवाल्याची नजर त्यांच्या फोनवरच होती. त्यांनी फोन उचलला आणि दारवानाला वर बोलावून चांगलं झापलं. मग म्हणाले, चौकशी होईल, पत्रानं कळवू, तोपर्यंत तुमचं नाणं इथंच राहील, आणि तुम्ही या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. जबडाही ठेवून घेतला.

पत्र यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत कवळीवाला वाळून अर्धा झाला. पोस्टमन यायच्या वेळेला तो संडासात जाऊन बसायचा, आणि बायको दारातून पोस्टमनला सांगायची, "आहेत, पण भेटीत नाहीत." शेवटी एक दिवस तिनंच लखोटा फोडला. गुन्हा नोंदवलेला नाही. बाईंना लेखी ताकीद. यांना नाण्यांच्या खोलीत कायमची बंदी. स्वतःचं नाणं ओळख पटवून दारावरून घेऊन जावं.

"मी नाही जाणार," कवळीवाला म्हणाला.

"तुम्हाला कोण पाठवतंय," बायको म्हणाली आणि चपला घालून निघाली.

दोन तासांनी आली. पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हा एका कवळीचे पुढचे दात लावत होता. त्यानं पाकिटाकडं बघितलं, हात लावला नाही.

"कोणी दिलं?"

"बाईच खाली घेऊन आल्या होत्या."

"आहेत ना मग त्या? त्याच खोलीत?"

"त्याच खोलीत. वजन संपलं म्हणाल्या. बाकी सगळं जुळलं."

कवळीवाल्यानं एक दात उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. "माझ्याबद्दल काही?"

"तुमच्याबद्दल नाही. त्या राजाबद्दल म्हणाल्या. दोन तुकडे जवळ ठेवले की जोड दिसत नाही, म्हणाल्या."

"दिसतो," कवळीवाला म्हणाला. "मानेतून गेलाय."

आणि मेणाखालची ज्योत बारीक करून त्यानं पुढचा दात घेतला.